ठाण्याचं दोन अंकी नाटक दिल्लीत: मंडी हाउसचं नाट्यगृह घ्यावं की इनडोअर स्टेडियम?

नौपाडा_तालीम

जाणकारांचा सल्ला हवाय. ठाण्यातली हौशी संस्था, दोन अंकी मराठी नाटक, मध्यंतर धरून दोन तास दहा मिनिटं. नऊ पात्रं आणि पडद्यामागे सहा, म्हणजे पंधरा माणसं. सेट एकच, वाड्याची ओसरी: १० फूट उंचीचे आठ फ्लॅट (कापड ताणलेल्या लाकडी चौकटी), दोन लेव्हल (उंच चौथरे), चार पायऱ्यांचा जिना आणि ओसरीवर झोपाळा. दुसऱ्या अंकात झोपाळ्यावर दोघं बसून बोलतात, त्यामुळे तो वगळता येणार नाही.

दिल्लीतलं एक मराठी मंडळ प्रयोग लावतंय. त्यांच्यापुढे दोन जागा आहेत. एक मंडी हाउस भागातलं नाट्यगृह, पाच-सहाशे खुर्च्यांचं. दुसरं इनडोअर स्टेडियम, जिथे एरवी बॅडमिंटन-व्हॉलीबॉल चालतं. मंडळाचा ओढा स्टेडियमकडे, कारण हजारभर माणसं बसतील आणि २४ जानेवारी ही तारीख लगेच मिळतेय. आमची सगळी सवय गडकरी, घाणेकर आणि वाशीच्या भावे नाट्यगृहाची.

संवादप्रधान नाटक स्टेडियममध्ये ऐकू येतं का? सेट ट्रकने न्यावा, रेल्वेने न्यावा की तिथेच बनवून घ्यावा? तारीख बरी आहे का? परवानग्यांचं काय?

विंगेतला

आधी तारखेचं बोलतो, कारण ती चुकली तर बाकीचं गणित करण्यात अर्थ नाही. २४ जानेवारी सोडून द्या.

दिल्लीतली नाटकाची वस्ती म्हणजे मंडी हाउसचा चौक आणि त्याला फुटणारे रस्ते. कमानी आणि एलटीजी (लिटल थिएटर ग्रुप) ही नाट्यगृहं कोपर्निकस मार्गावर, श्रीराम सेंटर सफदर हाश्मी मार्गावर, त्रिवेणी कला संगम तानसेन मार्गावर, शिवाय रवींद्र भवन आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालय, सगळं पायी फिरण्याइतकं जवळ. पण कोपर्निकस मार्ग सरळ इंडिया गेटला जाऊन भिडतो. २३ जानेवारीला संचलनाची रंगीत तालीम, २६ ला संचलन, २९ ला बीटिंग रिट्रीट. त्या आठवड्यात या भागात वाहतूक कधी, कुठे अडवतील त्याचा नेम नाही. सेटचा टेम्पो सकाळी दारात उभा राहील याची खात्री कोणीच देणार नाही. भर म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत उत्तरेत धुकं. गाडी चार-सहा तास उशिरा पोचणं हे त्या दिवसांत नेहमीचं, तेव्हा प्रयोगाच्या दिवशी सकाळी दिल्लीत उतरायचा बेत जानेवारीत करूच नये.

पुढचा अडथळा भारत रंग महोत्सवाचा. राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९९९ पासून तो भरवतं, बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत, आणि त्या दिवसांत कमानी, श्रीराम सेंटर, एलटीजी या सगळ्यांच्या तारखा त्यात गुंततात. मार्चमध्ये महिंद्रा नाट्य पुरस्कारांच्या आठवड्याला कमानी आणि श्रीराम पुन्हा अडकतात. ऑक्टोबरात रामलीलेची गर्दी, नोव्हेंबरात प्रदूषित हवा. मराठी मंडळाच्या दृष्टीने सोयीचा काळ म्हणजे गुढीपाडव्याचा आगचा-मागचा आठवडा. थंडी गेलेली असते, धुकं नसतं, मंडळाला तसाही पाडव्याचा कार्यक्रम हवाच असतो. दहावी-बारावीच्या परीक्षा मात्र बघून घ्या, नाहीतर आईवडील येणार नाहीत.

नाट्यगृह कोणतं? कमानी १९७१ चं, सहाशेच्या वर खुर्च्या, नृत्य आणि मैफलींसाठी नावाजलेलं. तुमच्या ओसरीला ते चालेल, पण भाडं आणि तारखांची चुरस दोन्ही जास्त. श्रीराम सेंटर वास्तुरचनाकार शिवनाथ प्रसाद यांचं, उघड्या काँक्रीटचं. इमारत लांबून ओळखू येते. तिथे मुख्य प्रेक्षागृहाखेरीज तळघरातही एक छोटं थिएटर आहे, तेव्हा बुकिंग करताना कोणतं ते पावतीवर स्पष्ट लिहून घ्या. एलटीजी लहान, पण बोलक्या नाटकाला मायाळू. विद्यालयाचं अभिमंच आणि त्रिवेणीचा खुला रंगमंच तुमच्या कामाचे नाहीत. अभिमंच बहुतांशी विद्यालयाच्याच कामात असतो, आणि खुल्या जागेत रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो.

मंडळाला एकच प्रश्न विचारा: तिकिटं खरोखर किती जातील? दिल्लीतला मराठी माणूस ठाण्यासारखा एका ठिकाणी नाही. पहाडगंज, करोल बाग, सरकारी वसाहती, नोएडा, गुरुग्राम असा विखुरलेला. हजार खुर्च्यांच्या स्टेडियममध्ये तीनशे माणसं बसली की नटाला समोर रिकामं दिसतं, आणि आवाजही बिघडतो. का बिघडतो ते कोणीतरी ध्वनीवाला सांगेलच.

डेसिबल

सांगतो, आकड्यांतच सांगतो.

खोलीत आवाज थांबल्यावर त्याचा घुमारा किती सेकंद रेंगाळतो, त्याचं साधं सूत्र आहे: ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ (घनमीटर), भागिले एकूण ध्वनिशोषण (चौरस मीटर). मधल्या आकाराचा खेळाचा हॉल धरा, ४० मीटर लांब, २५ रुंद, १० उंच. घनफळ १०,००० घनमीटर. भिंती सिमेंटच्या, छप्पर पत्र्याचं, जमीन लाकडी. एकूण शोषण ५०० चौ. मी. धरलं तर घुमारा ३.२ सेकंद. संवादाच्या नाटकाला एक सेकंदाच्या आसपास हवा. मराठी नट बोलतो तेव्हा सेकंदाला चार-पाच अक्षरं सहज येतात. म्हणजे शेवटच्या खुर्चीवर एका वेळी दहा-पंधरा अक्षरांचा काला पोचतो.

‘मागे मखमली पडदे लावू’ हे हमखास उत्तर येतं. ३०० चौ. मी. जाड, चुण्यांचा पडदा लावलात तर सुमारे १६५ ची भर. एकूण ६६५, घुमारा २.४ सेकंद. फरक पडला, पण पुरेसा नाही, आणि ३०० चौ. मी. पडदा भाड्याने आणून टांगायला मचाण लागेल ते वेगळं. खरा पडदा म्हणजे माणसं. प्रत्येक बसलेला प्रेक्षक साधारण ०.४५ चौ. मी. आवाज पितो. ८०० माणसं आली तर आणखी ३६०, एकूण १,०२५, घुमारा १.६ सेकंद. ३०० आली तर एकूण ८००च होतं, घुमारा दोन सेकंदांवरच राहतो. विंगेतला म्हणतात ते रिकाम्या खुर्च्यांचं दुखणं हेच. रिकाम्या हॉलमध्ये दुपारी केलेली आवाजाची चाचणी संध्याकाळी फसते तीही याच कारणाने.

आता माइक. नट बोलतो तेव्हा त्याचा थेट आवाज आणि खोलीचा घुमारा यांची ताकद ठरावीक अंतरावर सारखी होते. त्याच्या पुढे घुमारा वरचढ. वरच्या हॉलमध्ये पडदे लावून, माणसं नसताना, हे अंतर जेमतेम पाच मीटर आहे. म्हणून रंगमंचाच्या कडेला जमिनीवर ठेवायचे तीन-चार माइक, ज्यावर आपली बहुतेक नाटकं चालतात, तिथे कामाचे नाहीत. नट सहा मीटर मागे ओसरीवर बोलला की माइक त्याच्याऐवजी खोली उचलतो. आवाज वाढवला की शिट्टी. मग नऊ नटांना नऊ कॉर्डलेस माइक, गालाशी चिकटवलेले. कॉलरवरचे नकोत, कारण झोपाळ्यावर मान वळली की आवाज पडतो. प्रत्येक अंकाला नवे सेल, दोन माइक जादा, आणि आवाजाच्या टेबलावर संहिता पाठ असलेला माणूस. न बोलणाऱ्याचा माइक बंद ठेवणं हे त्याचं मुख्य काम, कारण दर उघडा माइक खोलीचा घुमारा आणखी आत घेतो.

स्पीकर दोन मोठे आणि लांब ठेवण्यापेक्षा छोटे जास्त आणि जवळ ठेवा. मुख्य जोडीपासून १८ मीटरवर दुसरी जोडी लावली तर तिला विलंब द्या. आवाज एका मीटरला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो, म्हणून ५४, वर १० मिलिसेकंद जादा, जेणेकरून कानाला आवाज रंगमंचाकडूनच आल्यासारखा वाटेल. हा विलंब न देता मागे स्पीकर लावले तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि लोक म्हणतात साउंडवाला वाईट होता.

एवढा खटाटोप करून नाटक ‘कळेल’. ‘रंगेल’ असं मी म्हणणार नाही.

नौपाडा_तालीम

डेसिबल, धन्यवाद. मंडळाच्या लोकांचं म्हणणं असं की नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्लेचे कार्यक्रम होतात, २०२५ मध्ये साहित्य संमेलन दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये झालं, मग नाटकाला काय धाड भरलीय?

डेसिबल

डी. वाय. पाटीलला छप्पर फक्त प्रेक्षकांवर, मधला भाग आभाळाला मोकळा. वर गेलेला आवाज परत येत नाही. शिवाय तिथे मैदानात ठिकठिकाणी स्पीकरचे मनोरे उभे राहतात आणि गाण्याची पातळी इतकी वर असते की घुमारा त्याखाली दबतो. नाटकात कुजबूज असते, आणि कुजबूज मोठी करून ऐकवली की ती कुजबूज राहत नाही.

संमेलनात एका वेळी एक वक्ता, तोंडापासून वीतभर अंतरावर एक माइक. तोंड-माइक अंतर जितकं कमी तितका घुमारा कमी आत येतो. तुमची पात्रं भांडताना एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात ना? तिथे घोळ होतो.

विंगेतला

तालकटोऱ्याचं नाव निघालंच आहे तर: १७३७ च्या स्वारीत पहिल्या बाजीरावांच्या फौजेचा तळ त्याच परिसरात होता, म्हणून संमेलनाला ती जागा मिळाल्याचं मराठी लोकांना अप्रूप. दिल्लीतलं त्याआधीचं संमेलन १९५४ चं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष असतानाचं. पण इमारत म्हणून बघाल तर ते मुष्टियुद्धाचं सभागृह. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिथे बॉक्सिंग झालं. त्यागराज स्टेडियम नेटबॉलचं, इंदिरा गांधी स्टेडियम १९८२ च्या एशियाडसाठी बांधलेलं. या सगळ्यांत प्रेक्षक मधल्या चौकोनाकडे चारी बाजूंनी बघतो. तुम्ही एका टोकाला रंगमंच मांडलात की बाजूच्या पायऱ्यांवरच्या माणसाला ओसरी तिरकी दिसते आणि विंगेत चहा पिणारा नट आधी दिसतो. समोरची खरी जागा एकतृतीयांशच उरते. मधल्या सपाट जमिनीवर खुर्च्या टाकल्या तर रंगमंच कितीही उंच करा, बारा-पंधरा रांगांनंतर फक्त डोकी दिसतात. बसलेल्या पात्राचं तर काहीच नाही, आणि तुमचं अर्धं नाटक झोपाळ्यावर बसलेलं.

‘हजारभर माणसं बसतील’ हा हिशेब इथेच फसतो.

डिमरवाला

खेळाच्या हॉलबद्दल प्रकाशाचे दोन मुद्दे, जे बुकिंगच्या वेळी कोणी सांगत नाही.

एक, छताचे दिवे. ते जुने मेटल हॅलाइड असतील तर एकदा बंद केले की थंड होऊन परत पेटायला १० ते १५ मिनिटं लागतात. मध्यंतराला बटण दाबलं आणि हॉल अंधारातच राहिला असं होतं. मध्येच आणीबाणी आली तरी हेच. म्हणून तिथे प्रेक्षकांसाठी स्वतंत्र एलईडी दिव्यांची एक फेरी लावावीच लागते. एलईडी बसवलेल्या हॉलमध्ये हा प्रश्न नाही. तेव्हा फोनवर ‘लाइट आहेत का’ विचारू नका, ‘कोणते दिवे आहेत’ ते विचारा.

दोन, छताजवळच्या काचा. दुपारचा प्रयोग असेल तर अंधार होणारच नाही.

नाट्यगृहात गेलात तर काम सोपं, पण तिथेही गृहीत धरू नका. प्रकाशयोजनाकाराने ठाण्यातून निघण्याआधी चार गोष्टी मागवाव्यात: रंगमंचाचा मापांसह नकाशा, बारांची (दिवे टांगायच्या आडव्या पाइपांची) संख्या आणि दर्शनी पडद्यापासूनचं अंतर, डिमरचे (दिवे कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचे) चॅनेल किती आणि प्रत्येकी किती वॅटचे, आणि जनरेटर कशाकशाला जोडलेला आहे. शेवटचं फार महत्त्वाचं. काही ठिकाणी जनरेटरवर फक्त हॉलचे दिवे आणि पंखे असतात, डिमर नसतात. बाहेरून जनरेटर आणायचा बेत असेल तर दिल्लीत हिवाळ्यात हवा बिघडली की डिझेल जनरेटरवर निर्बंध येतात. तुमच्या प्रयोगाच्या दिवशी ते लागू असतील की नाही हे आठवडाभर आधीही कळत नाही.

लोड साधा: १,००० वॅटचे १२ हॅलोजन म्हणजे १२ किलोवॅट, २०० वॅटचे २० एलईडी म्हणजे ४. एकूण १६ किलोवॅट, तीन फेजवर सारखे वाटले तर प्रत्येकी जेमतेम २३ अँपिअर. वाटले नाहीत आणि सगळे हॅलोजन एका फेजवर पडले तर त्याच फेजवर ५२ अँपिअर, आणि ब्रेकर पडतो तो नेमका शेवटच्या प्रवेशात, कारण तेव्हाच सगळे दिवे वर असतात. साउंडची लाइन डिमरपासून वेगळी घ्या, नाहीतर दिवा मंद केला की स्पीकरमध्ये गुणगुण सुरू.

खिळा_हातोडा

सेटकडे वळू.

रेल्वेचं आधी, कारण लोक इथेच फसतात. एसी थ्री किंवा स्लीपरच्या तिकिटावर माणशी ४० किलो सामान फुकट, म्हणजे पंधरा जणांचं ६०० किलो. कागदावर भरपूर वाटतं. पण वजनाबरोबर मापही बघतात: एसी थ्रीच्या डब्यात ५५ × ४५ × २२.५ सेंटिमीटर, इतर डब्यांत १०० × ६० × २५. दहा फुटी फ्लॅट यात कुठेच बसत नाही. तो पार्सल डब्यातून पाठवावा लागतो, आणि पार्सल तुमच्याच गाडीने येईल अशी हमी नसते. कपडे, हातातलं सामान, माइक, पडदे डब्यातून. लाकूड कधीच नाही. कलावंत मंडळींना पूर्वी रेल्वेभाड्यात सवलत होती. २०२० मध्ये बहुतेक सवलती थांबवल्या तेव्हा तीही थांबली, चालू राहिल्या त्या दिव्यांग, रुग्ण आणि विद्यार्थ्यांच्या. ती धरून अंदाजपत्रक करू नका. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सीएसएमटी–निजामुद्दीन राजधानी कल्याणला थांबते, ठाणेकरांना तीच सोयीची. निजामुद्दीनहून मंडी हाउस जवळच.

ट्रक म्हणजे एका बाजूने सुमारे १,४०० किलोमीटर, येऊन-जाऊन आठवड्याभराचं भाडं. ट्रान्सपोर्टवाला ई-वे बिल (जीएसटीतली मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद) मागेल. सामानाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर असेल तर संस्थेच्या कागदावर सामानाची यादी, अंदाजे किंमत आणि ‘विक्रीसाठी नाही, प्रयोगानंतर परत’ असं लिहून द्या. बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते, म्हणजे जाताना सात दिवस. दिल्लीत जड मालट्रकना दिवसा मज्जाव असतो, रात्री उशिराच आत सोडतात. जुन्या बीएस (धुराच्या प्रदूषणाच्या) मानकाच्या, दिल्लीबाहेर नोंदलेल्या मालवाहू गाड्यांवर बंदीही आहे, तेव्हा गाडी बीएस-६ आहे हे आरसी बुक बघून ठरवा, ड्रायव्हरच्या तोंडी शब्दावर नको. एका प्रयोगासाठी ट्रक मला परवडणारा वाटत नाही. तीन-चार प्रयोगांचा दौरा असेल तरच.

माझा सल्ला मधला: रंग न्या, लाकूड तिथे घ्या. फ्लॅटचं रंगवलेलं मांजरपाट चौकटीवरून काढा आणि ४ इंची पीव्हीसी पाइपवर गुंडाळा. रंगाची बाजू बाहेर ठेवा. आत ठेवली तर रंगाचा थर दाबला जाऊन तडकतो आणि ओसरीच्या भिंतीला सुरकुत्या पडतात. कापडाच्या पट्ट्या पाच फुटी आडव्या केल्यात तर गुंडाळी पाच फुटांची होते आणि पार्सलच्या लोकांना उचलता येते. चौकटी दिल्लीत २ × १ इंची पट्टीच्या बनवून घ्या, लाकडाचा बाजार कीर्तीनगरला आहे. सुताराला रेखाचित्र मापांसकट आधी पाठवा, इंचांत. आणि एक चौकट बनवून तिचे फोटो टेप लावून मागवा. १० फुटी चौकट ९ फूट १० इंचांची निघाली की कापड खाली लोंबतं, आणि ते प्रयोगाच्या दिवशी दुपारी लक्षात येतं. लेव्हल तिथल्या तंबूवाल्याकडून किंवा नाट्यगृहाकडून भाड्याने. जिना मात्र तिथेच नवा करा, कारण भाड्याच्या जिन्याच्या पायऱ्यांची उंची तालमीतल्या जिन्याशी जुळत नाही आणि नऊवारीतली बाई पहिल्याच प्रवेशात अडखळते. साडेसहा इंचाची पायरी असेल तर साडेसहाच.

आगीपासून बचाव: सुती कापडाला मागच्या बाजूने एक लिटर गरम पाण्यात ११० ग्रॅम बोरॅक्स आणि ४७ ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून ब्रशने लावा. दोन हात, मध्ये पूर्ण वाळू द्या. पुढून लावलं तर गडद रंगावर पांढरा क्षार फुटतो. हे फक्त सुती कापडावर चालतं, पॉलिस्टरवर नाही. धुतलं की निघून जातं, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात ओलसर गोदामात ठेवलं तरी कमी होतं. म्हणून निघण्याआधी एक कोपरा कापून काडीने बघा: ज्योत काढल्यावर विझला पाहिजे. दिल्लीतली नाट्यगृहं याबाबत कडक असतात. १९९७ ला उपहार चित्रपटगृहाच्या आगीत ५९ माणसं गेली, तेव्हा बाहेर पडायच्या वाटेत एक फ्लॅट जरी टेकवून ठेवलात तरी तो हलवायला लावतील, आणि ते योग्यच आहे.

आणि मंडळाने हट्टाने स्टेडियमच घेतलं तर: लाकडी कोर्टावर लेव्हलचे पाय थेट ठेवू नका. ८ × ४ फुटांच्या लेव्हलवर माणसं दाटली तर दीड टन भार धरतात. सहा पायांवर वाटला तर पायाला २५० किलो, आणि ५ सेंटिमीटर चौरस पायाखाली दर चौरस सेंटिमीटरला १० किलो. लाकूड दबून खड्डा पडणारच. प्रत्येक पायाखाली ३० सेंटिमीटर चौरस, १८ मिलिमीटर जाडीचा प्लाय ठेवलात की तोच भार ०.३ किलोच्या खाली येतो. प्लायखाली रबर मॅट. चिकटपट्टी थेट पॉलिशवर लावली तर पॉलिश निघून येतं, आणि अनामत तिथेच जाते.

नौपाडा_तालीम

सगळ्यांचे आभार. मंडळाला नाट्यगृहच घ्यायला सांगतोय, तारीख पाडव्याच्या सुमाराची. झोपाळा राहिला. नाट्यगृहाच्या बाराला टांगता येईल का? ठाण्यात आम्ही लोखंडी चौकटीवर टांगतो, पण ती नेणं जड आहे.

खिळा_हातोडा

बाराला नाही, कुठल्याच नाट्यगृहात नाही. तो बार दिव्यांसाठी आहे, त्याचा भार स्थिर असतो. झोपाळ्याचा भार हलता. हिशेब बघा: दोन माणसं १४० किलो, फळी आणि कड्या २५, एकूण १६५. झोपाळा उभ्या रेषेपासून ३० अंशांपर्यंत गेला तर खालच्या टोकाला ओढ १.२७ पट, म्हणजे २१० किलो. ६० अंशांपर्यंत गेला तर दुप्पट. वर कोणी धपकन बसलं तर त्याहून जास्त. टांगण्याच्या प्रत्येक वस्तूला, कडी, हुक, साखळी, जोडखिळा, किमान पाचपट भार पेलता आला पाहिजे, म्हणजे हजार किलोच्या वर. आणि ओढ फक्त खाली नाही, पुढे-मागेही असते. बार त्यासाठी बनलेला नाही.

चौकट सुटी करा. दोन बाजूंना उलट्या व्हीसारखे पाय, वर एक आडवा पाइप, तिन्ही तुकडे वेगळे, जोडाला बोल्ट आणि लॉक नट. बोल्ट साधा असेल तर झोक्याने सैल होतो, म्हणून प्रत्येक अंकाआधी पाना फिरवायचं काम एका ठरावीक माणसाच्या नावावर लिहा. पायांचा फाटा चौकटीच्या उंचीच्या निदान दोनतृतीयांश ठेवा. सात फूट उंच असेल तर पावणेपाच फूट. कमी ठेवलात तर झोक्याबरोबर चौकट उचलली जाते. पाय ओसरीच्या लेव्हलला आतून जखडा आणि लेव्हलच्या फळीनेच झाका. पाइप वाड्याच्या तुळईसारखा रंगवायचा तर वर लाकडी खोक्याचं आवरण घाला, पण कडीच्या जागी ते उघडं ठेवा, म्हणजे तपासता येईल.

तालमीत झोक्याची मर्यादा ठरवा आणि चौकटीच्या मागच्या पायावर खडूने खूण करा. नट बोलण्याच्या भरात जास्त घेतोच.

विंगेतला

परवानगीचं राहिलं होतं. महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र तुमच्याकडे असेलच, त्याची प्रत आणि हिंदी किंवा इंग्रजीतला एक पानी सारांश सोबत ठेवा. दिल्लीत बुकिंग करणारी संस्था म्हणजे ते मंडळ, तेव्हा अर्ज त्यांनी करायचा. जून २०२५ मध्ये सभागृहांसह सात प्रकारच्या व्यवसायांच्या परवान्यांचं काम दिल्ली पोलिसांकडून काढलं गेलं, त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वी कोणी सांगितलेली पद्धत तशीच धरू नका. नाट्यगृहाच्या ऑफिसातच विचारा की त्यांच्या इमारतीच्या परवान्यात काय येतं आणि प्रयोगासाठी वेगळं काय लागतं. नाटकात रेकॉर्ड केलेलं गाणं वाजत असेल तर त्याच्या हक्कांचा परवाना वेगळा. तिकीट ५०० रुपयांपर्यंत ठेवलंत तर नाटकाच्या प्रवेशशुल्कावर जीएसटी नाही.

वेळ: दिल्लीत रात्री साडेआठचा प्रयोग लावू नका. साडेसहाला पडदा उघडला तर पावणेनऊला संपतो आणि नोएडा-गुरुग्रामचे लोक मेट्रोने घरी पोचतात. मंडी हाउस स्टेशन निळ्या आणि जांभळ्या दोन्ही मार्गांवर आहे, हे जाहिरातीत लिहा. नाट्यगृह दिवसभरासाठी घ्या, फक्त संध्याकाळच्या सत्रासाठी नाही. सकाळी नऊला आत, दुपारी एकपर्यंत सेट, तीनपर्यंत दिवे, साडेचारपर्यंत झोपाळ्याचा प्रवेश आणि आवाजाची चाचणी. पंधरा माणसांना जेवायला बाहेर पाठवलंत तर तास जातो, डबे मागवा.

आणि ठाण्यातून निघण्याआधी एक तालीम त्या नकाशाच्या मापात करा. तालमीच्या जागेत जमिनीवर टेपने दिल्लीच्या रंगमंचाची रुंदी-खोली आखा, विंगांच्या जागा आखा आणि नवीन जिना कुठे येतो ते बघा. तुमची ओसरी दोन फूट आत सरकावी लागली तर झोपाळ्याच्या मागच्या झोक्याला भिंत लागते की नाही, ते तिथेच कळू दे.

नौपाडा_तालीम

नकाशा मागवलाय. आल्यावर मापं इथे टाकतो.